मोझ ॲलिसन यांचा रॉक संगीतावरील प्रभाव

मोझ जॉन ॲलिसन (जन्म: ११ नोव्हेंबर १९२७, टिप्पो, मिसिसिपी; मृत्यू: १५ नोव्हेंबर २०१६, हिल्टन हेड, दक्षिण कॅरोलायना) हे अमेरिकन जॅझ व ब्लूज पियानोवादक, गायक आणि गीतकार होते. सुमारे सहा दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी प्रामुख्याने लहान क्लबांमध्ये, पियानो, बास आणि ड्रम अशा त्रिकुटासह कार्यक्रम केले. त्यांचे कोणतेही गीत त्यांच्या स्वतःच्या आवाजात लोकप्रियतेच्या यादीत वरच्या स्थानी पोहोचले नाही. तथापि १९६० च्या दशकापासून ब्रिटिश आणि अमेरिकन रॉक कलाकारांनी त्यांची गीते मोठ्या प्रमाणावर गायिली. ‘द हू’, ‘जॉन मेयॉल अँड द ब्लूजब्रेकर्स’, ‘द यार्डबर्ड्‌स’, ‘ब्लू चीअर’, ‘द क्लॅश’ हे वाद्यवृंद तसेच जॉर्जी फेम, व्हॅन मॉरिसन, बॉनी रेट व एल्व्हिस कॉस्टेलो हे गायक यांच्या ध्वनिमुद्रणांतून ॲलिसन यांच्या रचना अशा श्रोत्यांपर्यंत गेल्या, ज्यांतील अनेकांना मूळ रचनाकाराचे नावही ठाऊक नव्हते.

हा प्रभाव दोन अंगांनी पाहिला जातो. पहिले अंग प्रत्यक्ष गीतांचे आहे: त्यांच्या मितभाषी, संथ रचना रॉक वाद्यवृंदांनी उच्च रवात आणि दीर्घ रूपात सादर केल्या. दुसरे अंग शब्दकळेचे आहे: उपरोध, आत्मपरीक्षण आणि सामाजिक भाष्य यांना ब्लूजच्या साच्यात बसवण्याची त्यांची रीत पुढील पिढीच्या रॉक गीतकारांना मार्गदर्शक ठरली.

पार्श्वभूमी

ॲलिसन यांचा जन्म मिसिसिपी राज्याच्या टॅलाहॅची परगण्यातील टिप्पो या खेड्याजवळ, आजोबांच्या शेतावर झाला. हा भाग ‘मिसिसिपी डेल्टा’ या सखल, कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात मोडतो. याच प्रदेशातील आफ्रिकन-अमेरिकन शेतमजुरांमध्ये ग्रामीण ब्लूजची एक प्रमुख परंपरा आकारास आली. वडील शेती आणि दुकानदारी सांभाळून पियानो वाजवीत. आई शिक्षिका होती. वयाच्या पाचव्या वर्षी ॲलिसन पियानो शिकू लागले. परंतु लिखित स्वरलेखनापेक्षा कानाने ऐकून वाजवण्याकडे त्यांचा ओढा होता. गावातील पेट्रोल पंपावरच्या ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणे टाकताच तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावर, त्यांनी ग्रामीण ब्लूज ऐकला. लुई आर्मस्ट्राँग, लुई जॉर्डन आणि नॅट किंग कोल हे त्यांचे आरंभीचे आदर्श होते. शालेय वयात ते ट्रम्पेटही वाजवीत असत.

मिसिसिपी विद्यापीठात काही काळ शिक्षण घेतल्यावर १९४६ मध्ये ते अमेरिकी सैन्यात दाखल झाले. सेवा संपल्यावर त्यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९५२ मध्ये इंग्रजी साहित्य हा मुख्य व तत्त्वज्ञान हा दुय्यम विषय घेऊन पदवी मिळवली. या शिक्षणाची छाया त्यांच्या गीतलेखनावर स्पष्ट दिसते. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, अल कोन, जेरी मलिगन अशा नामवंत जॅझ वादकांना पियानोची साथ करू लागले.

१९५७ मध्ये प्रेस्टीज कंपनीने त्यांची ‘बॅक कंट्री स्वीट’ ही पहिली तबकडी प्रसिद्ध केली. तिच्यातील मुख्य रचना ही दहा छोट्या तुकड्यांची मालिका असून तीत मिसिसिपीच्या ग्रामीण जीवनाची शब्दचित्रे नव्हे तर स्वरचित्रे आहेत. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी लोकसंगीताच्या आधारे केलेल्या रचना ऐकून आपल्या भूमीतील संगीताकडे तशाच दृष्टीने पाहण्याची प्रेरणा ॲलिसन यांना मिळाली. दहापैकी केवळ एका तुकड्यात गायन होते. ‘ब्लूज’ एवढेच शीर्षक असलेला तो सुमारे दीड मिनिटाचा तुकडा पुढे ‘यंग मॅन ब्लूज’ या नावाने रॉक संगीताच्या इतिहासात शिरला.

शैली

ब्लूजचा सर्वपरिचित साचा बारा ‘बार’चा असतो, प्रत्येक बारमध्ये सामान्यतः चार मात्रा येतात. पहिली ओळ, तिची पुनरावृत्ती आणि त्यांना उत्तर देणारी तिसरी ओळ अशी कडव्याची रचना असते. ॲलिसन यांनी हा साचा राखला, परंतु त्यातील पियानोवादन आधुनिक जॅझच्या अंगाने विकसित केले. थेलोनियस मंक, अल हेग यांसारख्या जॅझ पियानोवादकांप्रमाणेच चार्ल्स आइव्ह्‌ज आणि अलेक्झांडर स्क्र्याबिन या अभिजात संगीतकारांचाही त्यांनी अभ्यास केला होता. त्यामुळे त्यांच्या वादनात एकीकडे खेड्यातील ब्लूजची साधी लय, तर दुसरीकडे अनपेक्षित, कर्कशतेकडे झुकणारे स्वरसमूह आढळतात.

त्यांचे गायन याच्या अगदी उलट होते. आवाज पातळ, कोरडा आणि संभाषणाच्या पट्टीतला असे. गाताना ते भावनेचा उद्रेक टाळत आणि ओळ संपताच पियानोकडे वळत. दुःखाची किंवा संतापाची गोष्ट जणू शेजारच्या माणसाला सहज सांगावी, अशा स्वरात ती सांगितली जाई. श्रोत्याला उपरोध कळण्यास त्यामुळे क्षणभर उशीर होई आणि त्या विलंबातच गीताची धार असे.

गीतलेखनात त्यांचे मुख्य विषय माणसाचा दंभ, पोकळ बडबड, वृद्धत्व, पैसा आणि जगाचा अंत हे होते. ‘युअर माइंड इज ऑन व्हेकेशन’ या गीतात डोके बंद ठेवून तोंड चालू ठेवणाऱ्या माणसाची थट्टा आहे. क्लबमध्ये कार्यक्रम चालू असताना मोठ्याने बोलत राहणाऱ्या श्रोत्यांच्या अनुभवाशी या गीताचा संबंध जोडला जातो. ‘आय डोंट वरी अबाउट अ थिंग’ हे वरकरणी निश्चिंत वाटणारे गीत प्रत्यक्षात निराशावादी आहे. १९६२ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अटलांटिक या कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांत ही शैली परिपक्व झाली.

ब्रिटनमध्ये परिचय

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अमेरिकन ब्लूजच्या तबकड्या दुर्मीळ होत्या. त्या आयात करणारी मोजकी दुकाने, अमेरिकी सैनिकांनी सोबत आणलेले संग्रह आणि मित्रामित्रांत होणारी देवाणघेवाण हेच त्यांच्या प्रसाराचे मार्ग होते. ॲलिसन यांच्या तबकड्या जॅझच्या विभागात विकल्या जात असल्या, तरी त्यांत ब्लूज गीते असल्याने त्या दोन्ही रुचींच्या तरुणांपर्यंत पोहोचल्या.

लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरील फ्लेमिंगो क्लबमध्ये गाणारे जॉर्जी फेम हे या प्रसारातील महत्त्वाचे नाव होय. त्यांच्या गायनातील सैल, बोलका ढंग ॲलिसन यांच्या अनुकरणातून आल्याचे सर्वमान्य आहे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिदम अँड ब्लूज ॲट द फ्लेमिंगो’ या त्यांच्या पहिल्या तबकडीत ‘पार्चमन फार्म’ हे ॲलिसन यांचे गीत समाविष्ट होते.

‘द हू’चे गिटारवादक आणि प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड यांना ॲलिसन यांचा परिचय लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात झाला. टॉम राइट या अमेरिकन सहाध्यायाला इंग्लंड सोडून जावे लागले, तेव्हा त्याचा ब्लूज व जॅझ तबकड्यांचा मोठा संग्रह टाउनशेंड आणि त्यांच्या खोलीतील सोबत्याकडे राहिला. जिमी रीड आणि मोझ ॲलिसन हे या संग्रहातून त्यांना गवसलेले कलाकार होते. ॲलिसन नसते तर आपल्या हातून ‘माय जनरेशन’ (१९६५) लिहिले गेले नसते, असे टाउनशेंड यांनी पुढे सांगितले. तरुण आणि वृद्ध पिढ्यांमधील ताण हा या गीताचा विषय असून ‘यंग मॅन ब्लूज’चाही तोच आहे.

प्रमुख गीते आणि त्यांची रॉक रूपे

यंग मॅन ब्लूज

पूर्वी तरुण माणसाला समाजात वजन होते; आता सारा पैसा म्हाताऱ्यांच्या हाती एकवटला असून तरुणाला कोणी विचारत नाही, असा या गीताचा आशय आहे. तिशीच्या उंबरठ्यावरील ॲलिसन यांनी ते किंचित हसत, खांदे उडवावेत अशा वृत्तीने गायिले आहे. मूळ रचनेत आवाज आणि साथ यांची अदलाबदल होते: गायक ओळ म्हणतो, तेव्हा वाद्ये थांबतात आणि ओळ संपली की उत्तर देतात.

ही ‘थांबा आणि उत्तर द्या’ पद्धत ‘द हू’च्या सादरीकरणाचा कणा बनली. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि मूळ तबकडीचा प्रारंभ याच गीताने होतो. रॉजर डॉल्ट्री एकटे ओळ गातात आणि त्यानंतर गिटार, बास व ड्रम एकदम कोसळतात. दीड मिनिटाची मूळ रचना येथे पावणेपाच मिनिटांच्या आसपास पोहोचते. ॲलिसन यांची मूळ चिडचीड येथे उघड क्रोध होते. शब्द जवळपास तेच असताना अर्थाचा भार कसा बदलतो, याचे उदाहरण म्हणून या दोन ध्वनिमुद्रणांची तुलना वारंवार केली जाते. ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ही रॉकमधील सर्वोत्तम प्रत्यक्ष-कार्यक्रम ध्वनिमुद्रणांपैकी एक मानली जात असल्याने ॲलिसन यांच्या रचनांपैकी हीच सर्वाधिक ऐकली गेलेल्या रचनांत गणली जाते.

पार्चमन फार्म

‘पार्चमन फार्म’ हे मिसिसिपी राज्य कारागृहाचे प्रचलित नाव आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्थापन झालेले हे कारागृह हजारो एकर शेतजमिनीवर पसरलेले होते आणि तेथील बहुसंख्य आफ्रिकन-अमेरिकन कैद्यांकडून सक्तीने कापसाची शेती करवून घेतली जाई. १९४० च्या दशकात लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी येथील कैद्यांची श्रमगीते ध्वनिमुद्रित केली. येथे शिक्षा भोगलेले ब्लूज गायक बुका व्हाइट यांनी १९४० मध्ये ‘पार्चमन फार्म ब्लूज’ हे गीत ध्वनिमुद्रित केले होते. ॲलिसन यांचे गीत त्याहून स्वतंत्र आहे.

ॲलिसन यांचे गीत १९५७ च्या ‘लोकल कलर’ या तबकडीत आहे. कापूस वेचताना मागे ओढत न्यायची लांब पिशवी घेतलेला कैदी आपण निरपराध असल्याचे सांगत राहतो आणि अखेरीस पत्नीच्या हत्येची कबुली देऊन जातो. श्रोत्याची सहानुभूती अशा रीतीने शेवटच्या क्षणी पेचात पडते.

जॉन मेयॉल यांनी १९६६ च्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ या तबकडीत हे गीत हार्मोनिकाच्या वेगवान साथीवर सादर केले. ब्रिटिश ब्लूज-रॉकचा पाया घालणारी तबकडी म्हणून तिची ख्याती असल्याने असंख्य होतकरू वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत हे गीत आले. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लू चीअर’ने ‘विन्सेबस इरप्टम’ या तबकडीत ते प्रचंड ध्वनिवर्धनासह वाजवले; हेवी मेटलच्या पूर्वरूपांत या तबकडीची गणना होते. तिच्यावर गीताचे नाव ‘पार्चमेंट फार्म’ असे छापले गेले आहे. कारागृहाचे नाव चर्मपत्र या अर्थाच्या शब्दात बदलले आणि त्यासोबत मूळ स्थळाचा संदर्भही पुसला गेला. १९७० मध्ये ‘कॅक्टस’ या अमेरिकन वाद्यवृंदानेही हे गीत ध्वनिमुद्रित केले.

आयसाइट टू द ब्लाइंड आणि सेव्हन्थ सन

ही दोन्ही गीते ॲलिसन यांची नाहीत. मात्र त्यांच्या प्रसारात ॲलिसन यांचा वाटा आहे. ‘आयसाइट टू द ब्लाइंड’ हे हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसन (दुसरे) यांचे १९५१ मधील गीत होय. ॲलिसन यांनी ते आपल्या संथ ढंगात गायिले. १९६९ मध्ये ‘द हू’ने ‘टॉमी’ या रॉक ऑपेरात त्याचा समावेश केला. आंधळ्या, मुक्या आणि बहिऱ्या मुलाच्या कथानकात या गीताला नवा अर्थ प्राप्त झाला. १९७५ च्या चित्रपटात ते एरिक क्लॅप्टन यांनी सादर केले.

‘सेव्हन्थ सन’ हे विली डिक्सन यांनी लिहिलेले आणि १९५५ मध्ये विली मेबन यांनी गायिलेले गीत आहे. ॲलिसन यांच्या कार्यक्रमांत ते इतके रुळले की अनेकांना ते त्यांचेच वाटे. १९६५ मध्ये जॉनी रिव्हर्स यांनी गायिलेले त्याचे रूप अमेरिकेत पहिल्या दहा लोकप्रिय गीतांत पोहोचले. या दोन गीतांच्या संदर्भात ॲलिसन हे रचनाकार नसून डेल्टातील ब्लूज आणि रॉक यांना जोडणारे दुवे ठरतात.

१९६४ नंतरची गीते

१९६४ च्या ‘द वर्ड फ्रॉम मोझ’ या तबकडीतील ‘आय ॲम नॉट टॉकिंग’ हे गीत ‘द यार्डबर्ड्‌स’ने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित केले. एरिक क्लॅप्टन यांच्या जागी नुकतेच आलेले जेफ बेक यांच्या आक्रमक गिटारवादनासाठी ते ओळखले जाते. याच तबकडीतील ‘लुक हिअर’ हे गीत पंक चळवळीतील ‘द क्लॅश’ने १९८० च्या ‘सँडिनिस्टा!’ या संचात घेतले. आधीच्या पिढीचे रॉक संगीत नाकारणाऱ्या पंक वाद्यवृंदालाही ॲलिसन परके वाटले नाहीत, ही बाब लक्षणीय आहे.

१९६८ च्या ‘आय हॅव बीन डुइंग सम थिंकिंग’ या तबकडीतील ‘एव्हरीबडीज क्रायिंग मर्सी’ हे त्यांचे सर्वांत गंभीर सामाजिक गीत मानले जाते. दया आणि न्याय यांचा जप करणारे लोक त्या शब्दांचा अर्थ जाणतात का, हा त्यातील प्रश्न आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलेल्या या गीतात कोणत्याही पक्षाचे किंवा घटनेचे नाव नाही. त्यामुळे ते पुढील दशकांतही कालबाह्य झाले नाही. बॉनी रेट यांनी १९७३ मध्ये ‘टेकिन माय टाइम’ या तबकडीत आणि एल्व्हिस कॉस्टेलो यांनी १९९५ मध्ये ‘कोजॅक व्हरायटी’ या संग्रहात ते गायिले.

व्हॅन मॉरिसन आणि नंतरची पिढी

उत्तर आयर्लंडचे गायक व्हॅन मॉरिसन यांनी ॲलिसन यांचे ऋण सर्वांत उघडपणे मान्य केले. १९८० च्या दशकात त्यांनी ‘इफ यू ओन्ली न्यू’ हे ॲलिसन यांचे गीत आपल्या ‘अ सेन्स ऑफ वंडर’ या संग्रहात घेतले. १९९६ मध्ये ‘टेल मी समथिंग: द साँग्ज ऑफ मोझ ॲलिसन’ हा संपूर्ण संग्रह त्यांनी जॉर्जी फेम आणि बेन सिड्रन यांच्यासह सिद्ध केला. त्यात स्वतः ॲलिसन यांचाही सहभाग होता. ज्याची गीते इतरांनी तीस वर्षे गायिली, तो कलाकार आणि ते गायक एकाच ध्वनिमुद्रणात एकत्र आले, यामुळे या संग्रहाला विशेष महत्त्व आहे.

तत्पूर्वी १९८२ मध्ये माँत्रो जॅझ महोत्सवात ॲलिसन यांच्यासोबत ‘क्रीम’ या रॉक त्रिकुटाचे बासवादक जॅक ब्रूस आणि ड्रमवादक बिली कॉबम यांनी साथ केली. हे ध्वनिमुद्रण ‘लेसन्स इन लिव्हिंग’ या नावाने प्रसिद्ध झाले. अमेरिकन पर्यायी रॉकमधील ‘पिक्सीज’ने १९९० च्या ‘बोसानोव्हा’ या तबकडीतील ‘ॲलिसन’ हे गीत त्यांना उद्देशून रचले आहे.

वंश आणि ब्लूजवरील हक्क

केवळ तबकडी ऐकणाऱ्या अनेक श्रोत्यांची, विशेषतः ब्रिटनमधील तरुणांची, ॲलिसन हे कृष्णवर्णीय असावेत अशी समजूत होती. टाउनशेंड यांचाही आरंभी असाच समज होता. ॲलिसन गौरवर्णीय होते आणि त्यांचे कुटुंब जमीनधारक होते. त्यांच्या बालपणी मिसिसिपीत वंशभेदाचे कायदे कठोरपणे लागू होते. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येचा खटला १९५५ मध्ये टॅलाहॅची परगण्यातीलच समनर येथे चालला आणि आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘पार्चमन फार्म’ प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय कैद्यांच्या यातनांचे स्थळ असलेल्या कारागृहावर एका गौरवर्णीय पदवीधराने उपरोधिक गीत लिहावे का, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

ॲलिसन यांनी हा प्रश्न टाळला नाही. आपण कृष्णवर्णीय गायकांचा आवाज काढीत नसून आपण जेथे वाढलो तेथील संगीत स्वतःच्या आवाजात गातो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी ‘एव्हर सिन्स आय स्टोल द ब्लूज’ या शीर्षकाचे गीतही लिहिले. त्यात ब्लूज चोरल्याचा आरोप त्यांनी स्वतःवरच घेऊन त्याची थट्टा केली आहे. १९८२ च्या एका तबकडीला त्यांनी ‘मिडल क्लास व्हाइट बॉय’, म्हणजे मध्यमवर्गीय गोरा मुलगा, असे नाव दिले होते.

उत्तरकाळात त्यांनी ‘पार्चमन फार्म’ गाणे जवळजवळ सोडून दिले. डेल्टात कापसाची वेचणी यंत्रांकडे गेली असून खांद्यावरच्या पिशवीचे चित्र आता वास्तवाला धरून राहिलेले नाही, असे कारण ते देत. ज्या काळात रॉक वाद्यवृंद हे गीत उत्साहाने गात राहिले, त्याच काळात रचनाकाराने ते बाजूला ठेवले.

या संदर्भात रॉक संगीताच्या इतिहासातील एक व्यापक प्रश्न पुढे येतो. मडी वॉटर्स, विली डिक्सन, सनी बॉय विल्यमसन यांच्या रचनांवर ब्रिटिश वाद्यवृंदांनी कीर्ती मिळवली. काही प्रसंगी श्रेय आणि मानधन यांवरून वाद न्यायालयापर्यंत गेले. ॲलिसन यांच्या प्रमुख गीतांच्या बाबतीत रचनाकार म्हणून त्यांचे नाव तबकड्यांवर छापले गेले. मात्र ते कृष्णवर्णीय परंपरेचे ऋणकोही होते आणि रॉक कलाकारांचे धनकोही. त्यांनी डिक्सन, विल्यमसन, पर्सी मेफिल्ड यांची गीते कायम गायिली आणि ती कोणाची आहेत हे नोंदवले. या दुहेरी भूमिकेमुळे ब्लूजच्या मालकीविषयीच्या चर्चेत त्यांचे उदाहरण सोपे राहत नाही.

उत्तरायुष्य आणि गौरव

रॉक कलाकारांमुळे नाव पसरले तरी ॲलिसन यांनी आपली पद्धत बदलली नाही. मोठी सभागृहे आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती यांऐवजी ते लहान क्लब पसंत करीत. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ते बहुधा एकटेच प्रवास करीत आणि त्या त्या शहरातील बास व ड्रमवादकांना सोबत घेत. लंडनच्या डीन स्ट्रीटवरील पिझ्झा एक्सप्रेस जॅझ क्लबमध्ये त्यांचे नियमित कार्यक्रम होत; २००० मधील तेथील ध्वनिमुद्रणे ‘द मोझ क्रॉनिकल्स’ या दोन भागांत प्रसिद्ध आहेत.

पॅटी जोन्स यांनी लिहिलेले ‘वन मॅन्स ब्लूज’ हे त्यांचे चरित्र १९९५ मध्ये प्रकाशित झाले. २००५ मध्ये बीबीसीने त्यांच्यावर माहितीपट प्रसारित केला. बारा वर्षांच्या खंडानंतर, गायक-निर्माते जो हेन्री यांच्या आग्रहाने, २०१० मध्ये ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ हा त्यांचा अखेरचा स्टुडिओ संग्रह आला. त्यात कन्या एमी ॲलिसन यांच्यासोबतचे एक युगुलगीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने २०१३ मध्ये त्यांना ‘जॅझ मास्टर’ हा देशातील जॅझचा सर्वोच्च सन्मान दिला. मिसिसिपी ब्लूज ट्रेल या उपक्रमांतर्गत टिप्पो येथे त्यांच्या नावाचा स्मृतिफलक उभारण्यात आला आहे. वयाच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवसानंतर चार दिवसांनी त्यांचे निधन झाले.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इफ यू आर गोइंग टू द सिटी’ या आदरांजलीपर संग्रहात ताज महाल, जॅक्सन ब्राउन, बॉनी रेट, रिचर्ड थॉम्पसन, क्रिसी हाइंड, इगी पॉप, एल्व्हिस कॉस्टेलो, पिक्सीजचे फ्रँक ब्लॅक आदींनी त्यांची गीते गायिली. ब्लूज, लोकसंगीत, पंक आणि पर्यायी रॉक अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रवाहांतील हे कलाकार आहेत.

मूल्यमापन

रॉक संगीताने ब्लूजकडून प्रामुख्याने ध्वनी, लय आणि गिटारवादनाची परिभाषा घेतली, असे सामान्यतः मानले जाते. ॲलिसन यांच्याकडून घेतलेली गोष्ट वेगळ्या स्वरूपाची होती. ते गिटारवादक नव्हते आणि त्यांचा आवाज रॉकला साजेसा नव्हता. त्यांच्याकडे होती ती आटोपशीर, टोकदार शब्दरचना. तिच्यात रिकामी जागा भरपूर असल्यामुळे प्रत्येक वाद्यवृंदाला ती स्वतःच्या रीतीने भरता आली: ‘द हू’ने क्रोधाने, ‘ब्लू चीअर’ने गोंगाटाने, बॉनी रेट यांनी करुणेने.

या प्रक्रियेत काही हरवलेही. रॉक रूपांच्या आवेगात ॲलिसन यांचा संथ उपरोध बहुतेक वेळा ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांचा प्रभाव केवळ नव्या रूपांच्या संख्येने मोजता येत नाही, अशी भूमिका अनेक अभ्यासक घेतात. मूळ ध्वनिमुद्रण आणि रॉक रूप एकापाठोपाठ ऐकल्यावरच दोन्हींचे वेगळेपण आणि नाते लक्षात येते.

निवडक रॉक रूपे

१९६४: पार्चमन फार्म – जॉर्जी फेम
१९६५: आय ॲम नॉट टॉकिंग – द यार्डबर्ड्‌स
१९६६: पार्चमन फार्म – जॉन मेयॉल
१९६८: पार्चमेंट फार्म – ब्लू चीअर
१९७०: यंग मॅन ब्लूज – द हू
१९७०: पार्चमन फार्म – कॅक्टस
१९७३: एव्हरीबडीज क्रायिंग मर्सी – बॉनी रेट
१९८०: लुक हिअर – द क्लॅश
१९९५: एव्हरीबडीज क्रायिंग मर्सी – एल्व्हिस कॉस्टेलो
१९९६: टेल मी समथिंग (संपूर्ण संग्रह) – व्हॅन मॉरिसन, जॉर्जी फेम, बेन सिड्रन व मोझ ॲलिसन